तलावाचे पाणी बदलतेय, हे ठरवायचे कसे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गावतळी, शहरातले तलाव आणि धरणांचे जलाशय यांच्या पाण्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या गावच्या पाझर तलावाच्या पाण्याचा मे महिन्यात प्रयोगशाळेतून अहवाल आणला. सामू (पीएच) ८.४, विद्राव्य (पाण्यात विरघळलेला) ऑक्सिजन ७.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर, सगळे मर्यादेत. पण गावातली वयस्कर माणसे म्हणतात, पूर्वी घाटावरून तळ दिसायचा, आता हातभर खाली काही दिसत नाही. खरे कोणाचे? (शिक्षिका, सांगोला तालुका)

उत्तर : दोघांचेही. तुमचा अहवाल एका दिवसाच्या एका तासाचा आहे आणि गावकरी तीस-चाळीस वर्षांविषयी बोलत आहेत. ७.१ हा आकडा दुपारी घेतलेल्या नमुन्याचा असेल, तर त्यातला बराचसा ऑक्सिजन शेवाळाने उन्हात तयार केलेला असतो. त्याच जागी पहाटे साडेपाचला तो २ वर आलेला असू शकतो. म्हणून सुटा अहवाल पाहून तलाव चांगला की वाईट, हे ठरवू नका. तलावाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या वर्षांशी करायची, आणि त्यासाठी दरवेळी जागा, वेळ आणि पद्धत एकच ठेवायची.

शाळेला सहज जमेल असे मोजमाप म्हणजे सेकी तबकडी. १८६५ मध्ये अँजेलो सेकी या इटालियन शास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात ती वापरली. दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदींशी आजची नोंद ताडून पाहता येईल, अशी दुसरी स्वस्त पद्धत क्वचितच सापडेल. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची किंवा ॲक्रिलिकची गोल चकती घ्या. तिचे चार भाग करून ते आळीपाळीने काळे-पांढरे रंगवा. रंग चकाकी नसलेला हवा. मधोमध हूक बसवून खाली सव्वा-दीड किलोचे वजन टांगा, नाहीतर वाऱ्याने होडी सरकली की तबकडी तिरकी जाते. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणते, म्हणून दोरी आधी भिजवून, ताणून मगच दर १० सेंटिमीटरवर खुणा करा.

मोजायचे तलावाच्या सर्वांत खोल जागी, होडीच्या सावलीच्या बाजूने, सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान. गॉगल काढून ठेवा. तबकडी दिसेनाशी होते ती खोली टिपा, थोडी आणखी खाली सोडून वर घ्या, पुन्हा दिसते ती खोली टिपा आणि दोन्हींची सरासरी लिहा. तबकडी तळाला टेकूनही दिसत असेल तर आकडा न लिहिता ‘तळापर्यंत स्वच्छ’ असे लिहा. तो आकडा पारदर्शकतेचा नसून पाण्याच्या खोलीचा असतो, आणि तो मालिकेत शिरला की पुढचा सगळा कल चुकतो.

१९७७ मध्ये रॉबर्ट कार्लसन यांनी या खोलीवरून पोषणपातळीचा निर्देशांक मांडला. पारदर्शकता ४ मीटर असेल तर ४०, २ मीटरला ५०, १ मीटरला ६०, अर्ध्या मीटरला ७०. खोली निम्मी झाली की निर्देशांक दहाने वाढतो. ५० च्या पुढे तलाव अतिपोषणाकडे, म्हणजे पोषकद्रव्ये वाढून शेवाळ माजण्याकडे, झुकलेला असतो. मात्र दख्खनच्या तलावांत जुलै ते सप्टेंबर पाणी गाळाने गढूळ असते, शेवाळाने नव्हे. त्या महिन्यांच्या नोंदी ठेवा, पण निर्देशांक ऑक्टोबर ते मे एवढ्याच काळाचा काढा.

प्रत्येक नोंदीबरोबर पाण्याची पातळी लिहायला विसरू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून रोज सेंटिमीटरच्या आसपास पाणी उडून जाते, आणि क्षार व पोषकद्रव्ये मागे राहतात. क्लोराइड इथे फार उपयोगी पडते, कारण ते वनस्पती वापरत नाहीत आणि ते गाळातही फारसे बसत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात क्लोराइड दुप्पट झाले आणि फॉस्फरसही दुप्पट झाला, तर ते मुख्यतः बाष्पीभवन. क्लोराइड दुप्पट आणि फॉस्फरस चौपट झाला, तर जास्तीचा फॉस्फरस नाल्यातून किंवा तळाच्या गाळातून आला आहे.

प्रश्न : आमच्याकडे शहरातल्या तलावाचे गेल्या पंधरा वर्षांचे सरकारी आकडे आहेत. आलेख काढला तर नुसती वर-खाली दातेरी रेघ दिसते. त्यातून कल कसा काढायचा? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : आलेख काढण्याआधी आकडे तपासा. चार गोष्टी हमखास घोटाळा करतात.

पहिली, बीओडीची (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनची) पद्धत. जुन्या नोंदी ५ दिवस २० अंशांवरच्या असतील आणि नंतरच्या ३ दिवस २७ अंशांवरच्या. भारतीय मानकात आता दुसरी पद्धत आहे. दोन्ही सरमिसळ करून कल काढू नका. दुसरी, नमुन्याची जागा. सांडव्याजवळचे पाणी आणि नाल्याच्या तोंडाशी असलेले पाणी वेगळे असते, आणि कर्मचारी बदलला की जागाही सरकते. तिसरी, शोधमर्यादा, म्हणजे पद्धतीने मोजता येणारे सर्वांत कमी प्रमाण. ‘०.१ पेक्षा कमी’ अशी नोंद असेल तर तिथे शून्य भरू नका, आणि ०.१ सुद्धा भरू नका. फॉस्फरसच्या बाबतीत तर अशा नोंदीचा उपयोगच नाही, कारण एकूण फॉस्फरस ०.०३५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या पुढे गेला की तलाव सुपोषित (अतिपोषण झालेल्या) गटात धरतात. प्रयोगशाळेला नमुना देतानाच ०.०१ पर्यंत मोजता येते का, ते विचारा. चौथी, नमुना घेतल्याची वेळ. ती लिहिलेलीच नसेल तर ऑक्सिजनचा स्तंभ बाजूला ठेवा.

मग महिन्यानुसार वेगळे करा. मे ची तुलना मे शीच. सरासरीची सरळ रेघ बसवण्याऐवजी मान–केंडल चाचणी वापरा, कारण एखाद्या पूरवर्षाने किंवा दुष्काळाने ती फारशी ढळत नाही. दहा वर्षांचे मे महिन्याचे दहा आकडे घ्या. प्रत्येक आकड्याची त्याच्या नंतरच्या प्रत्येक आकड्याशी तुलना करा, एकूण ४५ जोड्या होतात. नंतरचा मोठा असेल तर अधिक एक, लहान असेल तर उणे एक, सारखा असेल तर शून्य. बेरीज २३ किंवा त्याहून जास्त आली (किंवा उणे २३ किंवा त्याहून खाली), तर पाच टक्के पातळीवर (म्हणजे नुसत्या योगायोगाने असे घडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी) कल खरा मानता येतो. बारा महिन्यांच्या बेरजा एकत्र करायची ऋतुनिहाय पद्धतही आहे, आणि पंधरा वर्षांच्या मालिकेला तीच योग्य. बदलाचा वेग हवा असेल तर प्रत्येक जोडीचा दरवर्षीचा फरक काढून त्यांचा मध्यक घ्या.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. २०१५ आणि २०२३ सारखी कमी पावसाची वर्षे मालिकेच्या कोणत्या टोकाला आहेत, ते बघा. कोरड्या वर्षापासून सुरू होणारी आठ वर्षांची मालिका तलाव सुधारल्याचे दाखवेल, आणि कोरड्या वर्षाला संपणारी बिघडल्याचे. पाऊस आणि तलावातला साठा यांची रेघ त्याच कागदावर काढल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

प्रश्न : उजनीच्या फुगवट्यात पाणी हिरवेगार असते. ढगाळ दिवसांनंतर किंवा थंडीत एखाद्या पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढतात, काही मरतात. तपासायला माणसे येतात ती दुपारी, आणि ऑक्सिजन भरपूर आहे असे सांगतात. हे कसे? (मच्छीमार संस्थेचे सभासद, इंदापूर तालुका)

उत्तर : पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येते. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ पोसते. दिवसा हे शेवाळ इतका ऑक्सिजन सोडते, की दुपारी आकडा १२ ते १५ सुद्धा दिसतो. ३० अंशांच्या पाण्यात हवेतून विरघळून जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो, म्हणजे वरचा सगळा शेवाळाचा. रात्र झाली की तेच शेवाळ, जिवाणू आणि तळाचा गाळ ऑक्सिजन ओढत राहतात. दोन-तीन दिवस ढग राहिले तर दिवसाची भरपाई होत नाही आणि पहाटे आकडा २ च्या खाली जातो. ४ च्या खाली कटला-रोहूला त्रास सुरू होतो. चिलापी आणि मागूर तग धरतात. जाळ्यात वर्षानुवर्षे चिलापीचेच प्रमाण वाढत जाते, त्याचे हेही एक कारण आहे. म्हणून तुमच्या संस्थेची पकडीची जुनी वही जपा, पाण्याच्या बदलाचा तोही पुरावा आहे.

थंडीतले कारण वेगळे. उन्हाळ्या-पावसाळ्यात वरचे पाणी कोमट आणि हलके असते, खालचे गार आणि ऑक्सिजनविना. डिसेंबर-जानेवारीत रात्री वरचा थर गार होतो, वारा सुटतो आणि दोन्ही थर मिसळतात. खालचे अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड असलेले पाणी एकदम वर येते. पाण्याला कुजक्या अंड्यांसारखा वास आला तर हेच घडले असे समजा.

अमोनियाचा त्रास सामूवर अवलंबून असतो. २५ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्धा-पाऊण टक्काच विषारी मुक्त रूपात असतो, सामू ८ ला पाच टक्क्यांच्या आसपास आणि ९ ला तब्बल एक तृतीयांशाहून जास्त. हिरव्या पाण्याचा सामू दुपारी ९ च्या वर जातो, तेव्हा मासे दुपारीही मरू शकतात.

तपासणीसाठी एवढे करा : पहाटे पाच ते सहा आणि दुपारी तीन अशा दोन वेळा, पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटर आणि तळापासून अर्धा मीटर वर अशा दोन पातळ्यांवर मोजणी मागा. ऑक्सिजन मोजायचा मीटर नसेल तर विंकलर या रासायनिक पद्धतीची दोन द्रावणे नमुना घेतल्या जागीच बाटलीत घालावी लागतात. बाटलीत नळी तळापर्यंत सोडून पाणी दोन-तीन वेळा ओसंडू द्यायचे आणि बुडबुडा राहू द्यायचा नाही. नुसती बाटली भरून तीन तासांनी प्रयोगशाळेत नेली तर येणारा आकडा निरुपयोगी असतो.

प्रश्न : हवामान तापतेय म्हणून तलाव बिघडताहेत, की सांडपाण्यामुळे? आमच्या नगरपरिषदेत एक गट सगळा दोष हवामानाला देतो. (वाचक, सातारा)

उत्तर : सांडपाण्याचा हिशेब नगरपरिषदेच्या हद्दीतला आहे, म्हणून आधी तो द्यावा लागेल. पण तापमानाचा परिणामही खरा आहे आणि उष्ण प्रदेशात तो वाटतो त्याहून तीव्र आहे. १० अंशांचे पाणी ११ अंश झाले तर लिटरमागे घनता सुमारे ०.०९ ग्रॅमने घटते. २९ चे ३० झाले तर ०.३० ग्रॅमने, म्हणजे तिपटीहून जास्त. त्यामुळे आपल्याकडे वरच्या थरात एका अंशाची वाढसुद्धा थर घट्ट बांधून ठेवते आणि तळाला ऑक्सिजन पोहोचत नाही.

जगभरातल्या २३५ तलावांच्या पाहणीत १९८५ ते २००९ या काळात उन्हाळी पृष्ठ-तापमान दर दशकाला सरासरी ०.३४ अंशाने वाढलेले आढळले. समशीतोष्ण पट्ट्यातल्या ३९३ तलावांच्या २०२१ च्या अभ्यासात १९८० पासून पृष्ठभागाचा ऑक्सिजन ५.५ टक्के आणि खोल पाण्यातला १८.६ टक्के घटलेला दिसला. त्यातल्या कोमट आणि पोषकद्रव्यांनी भरलेल्या काही तलावांत वरचा ऑक्सिजन मात्र वाढला होता. तो शेवाळाचा. म्हणजे केवळ वरचे पाणी मोजणाऱ्याला तलाव सुधारतोय असे वाटेल.

या सगळ्यांत बैकालचे उदाहरण मोठे आहे. सैबेरियातल्या या सरोवराच्या एकाच ठिकाणी मिखाईल कोझोव्ह यांनी १९४५ मध्ये नियमित मोजणी सुरू केली, पुढे मुलगी ओल्गा आणि नात ल्युबोव्ह यांनी ती चालू ठेवली. दर आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून. २००८ मध्ये ती साठ वर्षे मांडली तेव्हा दिसले की, १९४६ पासून पृष्ठभाग १.२१ अंशाने तापला होता आणि १९७९ पासून हरितद्रव्य चौपट झाले होते. इतके मोठे आणि थंड पाणी सहजी बदलणार नाही, अशी समजूत होती. ती या वह्यांनी मोडली.

तुमच्या तलावासाठी निकष असा : ज्या तलावांत सांडपाणी येत नाही, पण पाऊस आणि ऊन तेच आहे, असा एखादा डोंगरातला तलाव शेजारी निवडा आणि दोन्हींची सारखीच मोजणी करा. दोन्हींत सारखा बदल झाला तर हवामान, एकाच तलावात झाला तर त्याचे पाणलोट क्षेत्र.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी तलावात येणारे गटार वळवले. तरी पाणी हिरवेच. आता एक ठेकेदार कारंजी आणि जिवाणूंचे द्रावण सुचवतोय. घ्यावे का? (नगरसेविका, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : आधी गटार खरेच पूर्ण वळले का, ते मोजा. नाल्यात ९० अंशांच्या खाचेचा पत्र्याचा बांध बसवा. खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे ४.४ लिटर असतो, २० सेंटिमीटरला २५ लिटर. उंची बांधापासून थोडी मागे, संथ पाण्यात मोजायची. ४.४ लिटर ऐकायला किरकोळ वाटते, पण ते दिवसाला ३ लाख ८० हजार लिटर होते. मैलापाण्यात फॉस्फरस ५ मिलिग्रॅम प्रतिलिटर धरला तर रोज १.९ किलो. २० हेक्टरांच्या, सरासरी ३ मीटर खोल तलावाला सुपोषित पातळीवर न्यायला ११ दिवस पुरतात. पावसाळ्यात वळणवाहिनी तुंबून मैलापाणी परत तलावात येते, हे सर्रास दिसते. जुलैतली मोजणी म्हणून महत्त्वाची.

गटार खरोखर बंद असेल तर दोष गाळाचा आहे. वर्षानुवर्षे साचलेला फॉस्फरस गाळात लोहाला धरून बसतो आणि तळाचा ऑक्सिजन संपला की लोहापासून सुटून पाण्यात येतो. स्वीडनमधल्या ट्रुमेन तलावाचे सांडपाणी १९५० च्या दशकाच्या शेवटी बंद झाले, पण दहा वर्षे तो सुधारला नाही. १९७० आणि १९७१ मध्ये अर्धा-अर्धा मीटर गाळ उपसल्यावर सुधारला. याउलट सिएटलचे लेक वॉशिंग्टन खोल होते, १९६८ पर्यंत सांडपाणी पूर्ण वळवले आणि काही वर्षांतच पारदर्शकता एक मीटरवरून तीन मीटरच्या पुढे गेली. तुमचा तलाव उथळ असेल तर धीर जास्त लागेल.

चाचणी सोपी आहे. एप्रिल-मेमध्ये पहाटे तळापासून अर्धा मीटरवरचे पाणी आणि वरचे पाणी, दोन्हींचा एकूण फॉस्फरस मोजा. तळाचा कित्येक पट जास्त आला तर गाळच पोसतोय.

कारंजे वरच्या अर्ध्या-एक मीटरला हवा देते, जिथे दिवसा ऑक्सिजन आधीच जास्त असतो. जिवाणूंचे द्रावण सेंद्रिय घाण पचवते, पण फॉस्फरस तलावाबाहेर नेत नाही. ठेकेदाराला एकच प्रश्न विचारा : वर्षाला किती किलो फॉस्फरस तलावाबाहेर जाईल? उत्तर किलोत येत नसेल तर पैसे देऊ नका. फॉस्फरस बाहेर जातो तो गाळ उपसून, जलपर्णी उचलून आणि मासे पकडून. शहरी तलावाचा गाळ शेतात टाकण्याआधी शिसे, कॅडमियम, क्रोमियम तपासून घ्या, आणि उपसताना तळाचा चिकणमातीचा थर फोडू नका, नाहीतर तलाव झिरपू लागतो.

प्रश्न : शेवाळ मारायला मोरचूद टाकले तर? आणि असे पाणी उकळून प्यायले तर चालते का? (वाचक, धाराशिव)

उत्तर : दोन्हींना नाही. मोरचुदाने शेवाळ एकदम मरते, कुजताना सगळा ऑक्सिजन खाते, आणि नीलहरित शेवाळ असेल तर त्याच्या पेशींतले विष पाण्यात सुटते. मोरचुदातले तांबे गाळात कायमचे राहते ते वेगळेच. नीलहरित शेवाळातले मायक्रोसिस्टिन हे विष उकळल्याने नष्ट होत नाही, उलट पाणी आटून तीव्र होते. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात लेक एरीच्या पाण्यात ते आल्यावर लाखो नागरिकांना नळाचे पाणी पिऊ नका आणि उकळूही नका, असे सांगावे लागले होते.

घरी ओळख पटवायची तर काचेची बरणी पाऊण भरून रात्रभर न हलवता ठेवा. हिरवा थर वर तरंगला तर बहुधा नीलहरित शेवाळ, खाली बसला तर इतर. वर तरंगले तर गुरांनाही ते पाणी पाजू नका.

प्रश्न : लोणारचे पाणी २०२० मध्ये गुलाबी झाले. ते प्रदूषण होते का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, बुलढाणा)

उत्तर : नाही. जून २०२० मध्ये पातळी खाली गेली आणि क्षारता वाढली, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव प्रचंड वाढले. त्यांच्या गुलाबी रंगद्रव्याने पाणी रंगले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हे दाखवले. पाऊस आल्यावर रंग ओसरला. लोणारला खरी काळजी उलट दिशेची हवी. हे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे म्हणूनच तिथली जीवसृष्टी वेगळी आहे. गोडे पाणी किंवा सांडपाणी जास्त येऊ लागले तर क्षारता घटते आणि ते साध्या तळ्यासारखे होऊ लागते. तिथे सामू, क्षारता आणि पातळी या तिन्हींची महिन्याची नोंद सर्वांत मोलाची.

प्रश्न : जुन्या नोंदीच नाहीत. उपग्रहावरून मागचे काही कळेल का? (पक्षिनिरीक्षक, ठाणे)

उत्तर : बरेच. लँडसॅट उपग्रहांची ३० मीटर तपशिलाची चित्रे १९८२ पासून आहेत, सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटरची २०१५ पासून, आणि २०१७ पासून दर पाच दिवसांनी. दोन्ही मोफत. सेंटिनेलच्या पाचव्या आणि चौथ्या पट्ट्यांतल्या (प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबींच्या नोंदींतल्या) फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की हरितद्रव्याचा अंदाज येतो. पाचवा पट्टा २० मीटरचा आहे, त्यामुळे काठापासून चित्रातले दोन-तीन चौकोन (पिक्सेल) सोडून मधलेच पाणी घ्या. १०० मीटरपेक्षा अरुंद तळ्याला ही पद्धत लावू नका. जलपर्णीचे चौकोन आधी वगळा, कारण ती हिरवी दिसते आणि आकडा फुगवते. मात्र जलपर्णी किती पसरली होती, हे वर्षवार मोजायला हीच चित्रे उत्तम. जून ते सप्टेंबर ढगांमुळे जवळजवळ रिकामे जातात, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे असे दोन गट करा. आणि तबकडी बुडवायचा दिवस उपग्रह वरून जायच्या तारखेला ठेवा, म्हणजे तुमच्या तलावापुरते गणित जुळवून मागच्या वर्षांचे आकडेही वाचता येतील.